प्रवरेच्या काठाने नाव नेताना

प्रवरा पाहायची म्हणजे लोक भंडारदऱ्याला जातात. धरणाची भिंत पाहतात, रंध्याच्या धबधब्यापाशी डबे सोडतात आणि दिवेलागणीच्या आत परत फिरतात. नदीच्या दुसऱ्या टोकाला, प्रवरासंगमावर, जाणारी माणसे निराळी. ती बहुधा मुकाट असतात आणि त्यांच्यातल्या एकाच्या मांडीवर कापडाने तोंड बांधलेला कलश असतो. दिवाळीनंतर मी तशी गेले होते. माघात पुन्हा गेले, पण या वेळी भंडारदऱ्याहून निघून, सबंध नदी कधी उजव्या तर कधी डाव्या हाताला ठेवत. बरोबर एक नाव होती. ती पाण्यात नव्हती. जीपला जोडलेल्या दोन चाकांच्या ट्रेलरवर ती आकाशाकडे तोंड करून बसली होती. नदी शेजारून वाहत होती आणि नाव रस्त्याने चालली होती.

या वाटेने अशा थाटात फारसे कोणी गेले नसेल, म्हणून लिहीत आहे.

नाव माझ्या थोरल्या भावाची, दादाची. तो पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता आणि त्याची बरीच नोकरी भंडारदऱ्याला झाली. त्याने लग्न केले नाही. मी नगरला मुलींच्या शाळेत मराठी शिकवते, माझेही तसेच. सुट्टी लागली की पुस्तकांची पिशवी घेऊन मी त्याच्याकडे जायची. आमचा दोघांचा संसार म्हणायचा तर तेवढाच. तो नाव वल्हवी आणि मी समोर बसून वाची. मधूनच वल्ही थांबवून तो म्हणे, "पुढे काय झालं त्या बाईचं?" मग मी दोन पाने मोठ्याने वाचून दाखवी.

सागवानी फळ्यांची ती नाव त्याने शेंडीच्या सुताराकडून करून घेतली होती. ट्रेलर मात्र त्याचा स्वतःचा. जुन्या जीपचा आस, तिच्याच स्प्रिंगच्या पाट्या आणि लोखंडी अँगल जमवून त्याने तो नगरला जोडून घेतला. उन्हाळ्यात धरणाचे पाणी खाली गेले की तो नाव त्यावर चढवून कधी मुळेवर, कधी गोदावरीवर घेऊन जाई. प्रवरासंगमाच्या रखमाजी नावाड्याशी त्याची ओळख अशाच एका फेरीत झाली. मागच्या शिवरात्रीला रखमाजीची जुनी नाव पाहून दादाने त्याला सांगून टाकले होते, "पुढच्या जत्रेला माझी घेऊन येतो. तुझ्याकडेच राहू दे. पैठणचं धरण पुरं झालं की इथे पाणीच पाणी होणार आहे. तिला काम मिळेल."

दिवाळीच्या तोंडावर, एका दुपारी, कचेरीतल्या खुर्चीवर बसल्या बसल्या दादा गेला.

अस्थी घेऊन मी संगमावर गेले तेव्हा रखमाजीनेच मला पाण्यात नेले. नावेच्या तळात घोट्याएवढे पाणी होते. त्याची बायको गोदाबाई डालड्याच्या डब्याने ते उपसत होती आणि ते पुन्हा भरत होते. कलश खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती. परत आल्यावर रखमाजी धोतराचा सोगा पिळत म्हणाला, "ताई, सायबांनी नाव देतो म्हनलं हुतं. ते मनात ठिवू नका."

"मग शिवरात्रीला काय करणार?"

"बघू. हिलाच डांबर फासू."

गोदाबाईने डबा तेवढा पालथा घातला. शिवरात्रीला अलीकडच्या आणि पलीकडच्या देवळांत माणसांची रीघ लागते आणि नावाड्याचे वर्षाचे धान्य त्या जत्रेवर भरते, हे दादाने मला सांगितलेले होते. "नाव येईल," मी म्हणाले. "शिवरात्रीच्या आत येईल." कशी येईल ते मला माहीत नव्हते.

शेंडी

शाळेत रजा टाकून मी एस.टी.ने शेंडीला उतरले. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठचे हे गाव. दादाच्या क्वार्टरमध्ये नवे ओव्हरसियर राहायला आले होते. ओट्यावर त्यांच्या बाळाची दुपटी वाळत होती. मी आत गेले नाही. नाव आणि ट्रेलर मागच्या आंब्याखाली होते. ट्रेलरचा आस दगडांवर टेकवून दादाने चाके जमिनीपासून चार बोटे वर उचलून ठेवली होती, म्हणजे टायर एकाच जागी दबत नाहीत. एवढे करून गेलेला माणूस परत येणार नाही, हे ट्रेलरकडे पाहून खरे वाटत नव्हते.

राजूरच्या एका दुकानदाराची जीप ठरवली होती. तिचा ड्रायव्हर महादू हा पन्नाशीचा, पानाचा शौकीन, आणि जीपबद्दल कोणी वावगे बोललेले न खपणारा गृहस्थ. मी पदर खोचून चाकापाशी बसले तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमी कशाला? साडी खराब हुईल."

"माझे हात आधीही काळे झालेले आहेत, महादूभाऊ."

ते खरे होते. नाव बाहेर काढायची असली की दादा मला पुस्तकातून उठवी. "वाचणाऱ्यांनी हात काळे करू नयेत असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवायचे, खडखडले तर आतले बेअरिंग सैल. मग फिरवून कान द्यायचा. घरघर ऐकू आली तर आत वाळू किंवा गंज. उजवे चाक गप्प होते. डावे घरघरले. आम्ही दोन्ही उघडली, बेअरिंगे रॉकेलमध्ये धुतली, फडक्याने कोरडी केली, आणि तळहातावर ग्रीस घेऊन ते गोळ्यांच्या फटीफटीत दाबून भरले. डाव्या बेअरिंगला जरा गंज चढला होता, पण दुसरे मिळायला संगमनेर गाठायचे. तिथवर ते जाईल, असे महादूने त्याच्यापाशी तोंड नेऊन, जणू त्यालाच विचारून, ठरवले. एका टायरच्या कुशीला भेगा होत्या. तो बदलून जादाचा घातला. स्प्रिंगच्या पाट्या आसाला जखडणारे बोल्ट आवळले. मागचा लाल दिवा काही लागेना, म्हणून धोंडिबाने आपल्या मुंडाशातली लाल चिंधी फाडून नावेच्या शेपटाला बांधली.

धोंडिबा दादाच्या हाताखाली धरणावर होता. आता त्याची शेती आणि बैलजोडी. नाव चढवायला तो आपल्या भावकीतले सहाजण घेऊन आला. नाव वर गेली, तळाखाली भाताच्या पेंढ्यांच्या गाद्या झाल्या, कासऱ्यांनी ती बांधायची तेवढी राहिली. तेव्हा धोंडिबा पुढे आला, ट्रेलरचा जीपला अडकवायचा दांडा त्याने हाताने जोखला आणि म्हणाला, "थांबा. नाव मागं घ्या. लई पुढं हाय. सगळा भार धुरेवर येतोय."

त्यांनी नाव दोन हात मागे सरकवली. धोंडिबाने दांडा पुन्हा उचलून पाहिला. "आता बगा, ताई. लेकराच्या हातानं उचलंल. मानेवर वझं ठिवायचं न्हाई कुनाच्या."

मी दांडा धरला. तो एका हाताने वर आला.

इथे आमचा एक जुना खेळ सांगायला हवा. निघायच्या आधी दादा नेहमी मला बोलावी आणि म्हणे, "उचल." मी दांडा उचलायला जाई. उचलला गेला की तो नाव थोडी पुढे सरकवी आणि पुन्हा "उचल." असे करता करता मला तो उचलेनासा होई. मग तो येऊन दुसऱ्या बाजूला हात लावी, दांडा वर येई आणि तो म्हणे, "चला." थोरले भाऊ धाकट्या बहिणींना असेच हरवतात आणि मग मदतीला येतात, असे मी धरून चालले होते. त्यामुळे त्या दिवशी आंब्याखाली दांडा एकटीला उचलला तेव्हा मला बरे वाटले. दिवाळीनंतर प्रथमच मी हसले असेन. मनात म्हटले, बघ दादा, आज हरले नाही.

अकोले, मग संगमनेर

राजूर सोडले की विठ्याचा घाट लागतो. घाटात जीप पायी चालल्यासारखी चालली आणि नाव शहाण्यासारखी मागून आली. उतारावर महादूने आरशात पाहून एकदा म्हटले, "शेपूट हलवतीय जरा." आम्ही ते रस्त्याच्या खड्ड्यांवर ढकलले.

थोडे अंतर गेले की मी थांबायला सांगे, उतरे आणि चाकाच्या मधल्या तुंब्याला हाताची मागची बाजू लावून पाही. बेअरिंग बिघडत असेल तर ते तापते आणि तिथे आधी कळते. तळहात लावायचा नाही. भाजला तर दिवसभर काही धरता येत नाही. हेही दादाचेच. महादूला प्रथम याची गंमत वाटली. "ताप बगता व्हय, ताई?" पण अकोल्याला मी उतरायच्या आधीच तो चाकापाशी बसलेला दिसला. "डाव्याला कनकन हाय. काढा द्यावा लागंल," तो म्हणाला.

अकोल्याला एका खानावळीत शेंगोळी मिळाली. नगरला आमच्याकडे हुलग्याची शेंगोळी आजारातून उठलेल्याला देतात, पातळ आणि बेताच्या तिखटाची. इथली खाऊन माणसाने पुन्हा आजारी पडावे. खानावळीची बाई मला पाणी पुढे करत नावेकडे बघत म्हणाली, "कुठं निघालीय?"

"संगमावर. प्रवरासंगमाला."

"मग नदीतनंच सोडायची की. गेली असती आपल्या पायानं."

सगळे हसले. मीही हसले, पण पुढे वाटेत पुलावरून खाली पाहिले तेव्हा कुठे खडक, कुठे वाळू आणि त्यांच्या मधून वाट काढणारी हाताएवढी धार दिसली. धरण सोडेल तेवढेच पाणी, आणि ते अडवून बसणाऱ्या माणसांत माझा भाऊ होता.

संगमनेरला शाळेतल्या मैत्रिणीच्या माहेरी मुक्काम केला. बेअरिंग मिळाले, बसवले. नाव वाड्यात जाईना म्हणून गल्लीतच राहिली. नगरला अशी वस्तू रस्त्यात राहिली तर आम्ही आधी कुलूप शोधू. इथे गल्लीतल्या बायकाच येऊन तिच्याभोवती उभ्या राहिल्या. मैत्रिणीच्या आईने पाहुण्याच्या पायांवर घालतात तसे दोन्ही चाकांवर तांब्याने पाणी घातले आणि नावेच्या टोकाला हळदकुंकू लावले. "सासरी निघालीय म्हणायची," त्या म्हणाल्या. फळ्या वाळून आक्रसू नयेत म्हणून मी तळात गोणपाटे भिजवून घालत होते. ते पाहून दोघी-तिघींनी आपापल्या घागरी आणून ओतल्या. मला नको म्हणावेसे वाटले नाही, पण फार झाले तेव्हा महादू ओरडला, "आवं बास, आयांनो! हितंच पवायला लागंल ती!" मग निम्मे पाणी आम्ही परत उपसले आणि एकीने ते तुळशीला नेले.

लोणीच्या पुढे

लोणीच्या आसपास उसाचे दिवस होते. कारखान्याच्या वासाने हवा गोड आणि जड झाली होती आणि रस्त्याच्या कडेने उसाच्या बैलगाड्यांची रांग होती. त्या मागे पडल्या आणि कोल्हारच्या दिशेला सरळ, मोकळा रस्ता लागला. महादूने पान गालात सारले आणि जीपला जरा मोकळे सोडले.

मी आरशात पाहत होते. नाव आरशात दिसायची ती दिसेनाशी झाली. मग दिसली. मग दुसऱ्या बाजूने माझ्या खांद्याच्या मागे आली. जीपचा मागचा भाग कोणी शेपटीला धरून हिसडावा तसा डावीकडे गेला, मग उजवीकडे. महादूने ब्रेक दाबला. ते अधिकच वाईट झाले. नाव आमच्याशी आडवी होऊ पाहत होती. "सोडा!" मी ओरडले, "ब्रेक सोडा!" त्याने सोडला, जीप हळूहळू आपल्या भाराने मंदावली, आणि ट्रेलरचे डावे चाक रस्ता सोडून भुसभुशीत मातीत उतरून रुतले. मग सगळे थांबले. इंजिनसुद्धा.

महादूच्या ओठावरून पानाची लाळ ओघळली होती. ती त्याने पुसली नाही.

मी खाली उतरले. एक कासरा तुटला होता. नाव ट्रेलरवर तिरपी बसली होती, तिचे शेपूट चाकाबाहेर लोंबत होते आणि एका फळीवर लोखंडाने लांब ओरखडा काढला होता. मी त्यावरून बोट फिरवले. फळी फुटली नव्हती. पण कासरे असेच राहून अजून एक हिसका बसला असता तर नाव रस्त्यावर पडून तिच्या चिरफळ्या झाल्या असत्या आणि रखमाजी जत्रेला डांबर फासत बसला असता. आता पुढे कसे जायचे तेही कळेना. चाके ठीक होती, स्प्रिंग ठीक होती, तुंबे गार होते. तपासायला शिकले होते ते सगळे तपासून झाले होते.

मागून उसाच्या रिकाम्या गाड्या आल्या. त्या थांबल्या. पहिला गाडीवान खाली उडी मारून म्हणाला, "काय वो, नदी चुकली का?"

"आता रस्त्यालाच पानी सोडनार हायेत म्हनं," दुसरा म्हणाला. "आधी नाव आनून ठिवलीय."

"गप रं. बाईमानूस घाबरलंय." हा तिसरा, पांढऱ्या मिशांचा, तांबडे पागोटे घातलेला. बाकीचे त्याला आबा म्हणत होते. आबांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, जीपपासून दांडा सोडवायला सांगितला आणि तो एका हाताने उचलून पाहिला. त्यांचा चेहरा पसंतीचा झाला.

"भार तर झकास बसवलाय कुनी. मानेवर काहीच न्हाई. मग झालं काय?"

मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिले. दांडा पिसासारखा वर-खाली होत होता. एकट्याच्या हाताने, सहज. मला आंब्याखालचा तो दुपारचा उजेड आठवला आणि दादाचा आवाज. उचल. उचलला गेला? मग नाव पुढे घे.

तो मला हरवत नव्हता. तो वजन करत होता. घरात काटा नव्हता, मी होते.

"आबा," मी म्हणाले, "नाव पुढे घ्यायची."

"म्होरं? आवं बाई, मान मोडंल."

"कुणाची?"

आबांनी जीपकडे पाहिले. सगळ्यांनीच जीपकडे पाहिले. मग जो हशा झाला त्याने बैल बुजले.

"आबा, हिची मान कुठं असती वो?" पहिला गाडीवान म्हणाला. "शिंगाच्या मागं का मडगार्डाच्या?"

महादूला ते लागले. "माझ्या जीपची मान लई मजबूत हाय! घाला किती घालायचं ते!"

मी त्यांना समजावून सांगितले, जेवढे मला त्या क्षणी समजत होते तेवढे. बैल माणसाच्या चालीने चालतो. त्याच्या मानेवरचा भार काढला की गाडी मागे जड होते, पण त्या चालीत ती कुठे भरकटत नाही. जीप पळते. ओढणाऱ्यावर थोडे वजन नसले की मागचे आपल्या मनाने जाऊ लागते. आबांनी ऐकून घेतले. पटले की नाही ते त्यांच्या मिशांवरून कळेना. "मुक्या जनावराला हे सांगू नका म्हंजे झालं," एवढेच ते म्हणाले आणि धोतर खोचून नावेला खांदा लावायला गेले.

आधी ट्रेलर मातीतून काढला. मग नाव सरळ केली आणि वीतभर पुढे. मी दांडा धरला. उचलला गेला. "अजून." आणखी थोडी पुढे. उचलला गेला, पण कमरेत कळ आली. "अजून थोडी." या खेपेला मी वाकले, दोन्ही हातांनी धरला, जोर केला. दांडा जमिनीवरून हलला नाही.

"उचलंना?" आबांनी विचारले.

"उचलत नाही."

"मग आता?"

"आता दुसऱ्या कुणी तरी यायचं."

आबा क्षणभर घुटमळले. परक्या बाईच्या शेजारी वाकून हात लावायचा, हे त्यांच्या चालीरीतीत बसत नसावे. मग त्यांनी पागोटे सावरले, दुसऱ्या बाजूला आले आणि हात घातला. दांडा वर आला आणि जीपच्या हुकात बसला. सगळे माझ्याकडे पाहत होते. काही तरी म्हणायला हवे होते आणि काय म्हणायचे ते मला माहीत होते.

"चला," मी म्हणाले.

कोल्हार, नेवासे

कोल्हारला पोचेपर्यंत महादूने पान खाल्ले नाही. नदीकाठी जीप उभी करून त्याने तोंड धुतले, पेरूवालीकडून पेरू घेतले, एक मला दिला आणि एक बॉनेटवर ठेवला. "तिचा," तो म्हणाला. नंतर खाल्ला त्यानेच. इथे प्रवरेला बऱ्यापैकी पाणी होते. बायका धुणी धूत होत्या आणि एक म्हैस नावेकडे टक लावून पाहत होती. मी सगळे बोल्ट पुन्हा आवळून घेतले. थोडे अंतर चालल्यावर ते एकदा सैल होतात. मग पाण्यात पाय सोडून बसले. पिशवीत पुस्तक होते, ते उघडले नाही. समोर वल्ही थांबवून "पुढे काय झालं" विचारणारे कोणी नव्हते. पण त्या दुपारी मला सांगण्यासारखे काही तरी होते, आणि ते मी मनातल्या मनात सांगून टाकले.

कोल्हारहून बेलापूर, श्रीरामपूर, आणि दुसऱ्या दिवशी नेवासे. नाव मागून अशी आली की महादू पुन्हा पान खाऊ लागला. नेवाशाच्या पुढे घोडेगावच्या बाजाराला निघालेले काही शेतकरी बैल घेऊन उभे होते. त्यांनी आम्हाला हात करून थांबवले, ट्रेलरच्या चाकांवर थापा मारल्या आणि एकाने बैलाचे वय विचारावे तसे महादूला गंभीरपणे विचारले, "किती दाती हाय?"

"दोन चाकी हाय," महादू म्हणाला, "आन् विकायची न्हाई."

संगम

रखमाजी घाटाच्या पायऱ्यांवर डांबर तापवत बसला होता. शेजारी त्याची जुनी नाव पालथी होती. जीपचा आवाज ऐकून त्याने मान वर केली आणि जे पाहिले त्यावर त्याचा विश्वास बसेना. काठी डब्यात तशीच सोडून तो उठला. गोदाबाई मात्र सरळ नावेपाशी आली, फळ्यांवरून हात फिरवत शेपटापर्यंत गेली आणि ओरखड्यापाशी थांबली.

"लागलं व्हय हिला?"

"वाटेत. वरवरचं आहे."

"मंग काय न्हाई. आमच्याकडं कुनाला लागलेलं न्हाई?"

नाव पाण्यात सोडली तेव्हा मी काठावर उभी होते. ती तरंगली आणि लगेच सांध्या-सांध्यांतून पाणी आत येऊ लागले. गोणपाटे पुरली नव्हती. मी डबा शोधू लागले, पण रखमाजी हसत होता. त्याने नाव उथळात ओढली आणि उलट तिच्यात आणखी पाणी ओतून ती काठोकाठ भरली, इतकी की ती वाळूवर टेकून बुडाली. "पिऊ द्या तिला, ताई. उपाशी आलीय. लाकूड पानी पिऊन फुगलं की आपसूक फटी मिटत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती उपसली. तळ ओला होता, पाणी नव्हते. पहिल्या खेपेला त्याने मला नेले. दोन नद्या मिळतात तिथे त्याने वल्ही थांबवली. गोदावरीचे पाणी जरा गढूळ होते, प्रवरेचे निवळ. त्या जागी मी दिवाळीनंतर हात रिकामे केले होते. मी तळाशी हात टेकवून पाहिला. कोरडे होते. काठावर जत्रेची पहिली माणसे येऊन थांबली होती आणि गोदाबाई त्यांना ओरडून सांगत होती, "थांबा, थांबा, नवी हाय, मोठी हाय, समदे मावताल!"

दुपारी आम्ही निघालो. नाव गेली तसा ट्रेलर नुसता सांगाडा उरला. महादू जीप मागे घेत होता. मी दांडा धरला. आता तो हलका होता, एका हाताने उचलण्याएवढा, आणि मी तो उचललाही.

गोदाबाई पायऱ्यांवरून पळत आली. हात ओले होते, ते तिने लुगड्याला पुसले आणि दांड्याची दुसरी बाजू धरली. "तुमी एकल्या कशाला उचलता?" ती म्हणाली.

हलका आहे, असे मी तिला सांगितले नाही. दांडा आम्ही दोघींनी हुकात बसवला. मग मी म्हणाले, "चला."